दिव्याच्या अवसेपासून गणपतीपर्यंत

मागच्या आठवड्यात पुतण्याचा अमेरिकेतून फोन आला होता. फोन त्याचा, पण बोलला त्याचा मुलगा. वय वर्षं दहा. तिकडे तो बास्केटबॉलच्या सामन्यांमागे वेडा झालाय. कुठला खेळाडू किती उंच, कुणाला किती डॉलर मिळतात, सगळं तोंडपाठ. बोलता बोलता त्यानं मला विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे असा सीझन असतो का?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. चारठाण्याची मंदिरं, नेमगिरीची लेणी, निजामाचं राज्य, मुक्तिसंग्राम या विषयांवर मी रात्रभर बोलेन. पण 'सीझन' म्हटल्यावर क्षणभर गप्प झालो. मग म्हणालो, "असतो की! एक तर मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिलाय." त्याला फोनवर दोन मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो. नातेवाईकांपैकी ज्यांना खेळात रस नाही त्यांनीही कृपया शेवटपर्यंत वाचावं, कारण हा लेख पूर्णपणे खेळाबद्दल नाही.

आधी थोडा इतिहास, सवय जात नाही. बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकानं काढला. जेम्स नाइस्मिथ त्याचं नाव. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात तो शारीरिक शिक्षण शिकवायचा. १८९१ च्या डिसेंबरात बाहेर थंडी, पोरं आत कंटाळलेली. त्यानं पीच या फळाच्या दोन टोपल्या भिंतीला उंचावर ठोकल्या आणि पोरांच्या हातात चेंडू दिला. आज जिला एनबीए म्हणतात त्या व्यावसायिक लीगची सुरुवात १९४६ मधली. म्हणजे टोपलीपासून तिथपर्यंत ५५ वर्षं गेली.

आपल्या हुतूतूला कुणी एकानं जन्म दिला नाही. तो गावोगाव होताच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सातारा, पुणे, बडोदे इथल्या मंडळींनी त्याला नियमांत बसवलं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी तिथे जाऊन त्याची प्रात्यक्षिकं दाखवली. पुढे शंकरराव उर्फ बुवा साळवींनी हा खेळ देशभर नेण्यात जन्म घालवला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपल्याकडे कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली आणि भारताला सुवर्णपदक मिळालं. एवढं सगळं झालं, पण या खेळावर कुणाचं घर चालतंय असं काही झालं नाही. खेळाडूंना रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, तेल कंपनीत नोकरी लागायची. नोकरी मिळवण्यापुरता खेळ, असा हिशेब.

हा हिशेब मला चांगला पाठ होता. म्हणून तर पुढची गोष्ट घडली.

१९८८ सालची. मी दहावीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. बाप शेजारच्या गावात सालगडी. पोरगा अंगानं काटकुळा, पण चढाईला गेला की पायाला डोळे फुटायचे. शाळेचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. दोन्ही ऋतूंत फक्कीनं आखलेल्या रेषा टिकत नसत. त्या मैदानावर तो उलटा पाय असा टाकायचा की समोरच्याला लागल्यावरच कळायचं. त्या वर्षी हिवाळ्यात जिल्ह्याच्या संघासाठी त्याचं नाव निघालं. परभणीला दहा-बारा दिवस सरावाला राहायचं होतं.

बाप मला विचारायला आला. वर्गाच्या दारातच उभा राहिला, आत काही येईना. "सर, पोरगं नाव काढील म्हणतेत. धाडावं का?"

मी सांगितलं, "खेळानं पोट भरत नाही. तीन महिन्यांवर दहावी आलीय. आधी परीक्षा."

तो "बरं" म्हणून निघून गेला. मुलगा परभणीला गेला नाही. दहावी मात्र झाला, काठावर. पुढे शिकला नाही. मोटार वायंडिंगच्या दुकानात हाताखाली राहिला, काम शिकला, काही वर्षांनी येलदरीच्या रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं. बीजिंगच्या सुवर्णपदकाची बातमी पेपरात आली तेव्हा मी ती वर्गात वाचून दाखवली होती. वाचताना मला त्याची आठवण झाली नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आता २०१४.

ज्यांना आठवत असेल त्यांना ते वर्ष गारपिटीचं म्हणून आठवेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी मराठवाड्यातली उभी पिकं झोपवली. मग पावसाळ्यात पावसानंच ओढ दिली. जुलै संपत आला तरी पेरण्या अडलेल्या. लोक आभाळाकडे बघत बसलेले. अशात २६ जुलैला, शनिवारी, दिव्याची अवस होती. घरोघरी दिवे घासून मांडलेले. त्याच रात्री मुंबईत वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला.

मी तो पाहिला वायंडिंगच्या दुकानात. आमच्या घरी त्या वेळेला मालिका असायची आणि वीज असेल तरच ती दिसायची. दुकानात बॅटरीवर चालणारा टीव्ही होता. मी पंप दुरुस्तीला टाकला होता, तो झाला का विचारायला गेलो आणि खुर्चीत बसलो तो सामना संपेपर्यंत उठलोच नाही. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असं हरवलं. आमचा हा जुना विद्यार्थी, आता एक्केचाळीस वर्षांचा, डोक्याचे केस विरळ झालेले, हातात तांब्याची तार धरून तसाच उभा होता. तार गुंडाळायची राहून गेली.

पुढचे पाच आठवडे मी रात्री आठला तिथे असायचो. आमची ही म्हणायची, "निवृत्त झाल्यावर शाळेत इतक्या वेळेवर जाताय!" :)

त्या मोसमाचं स्वरूप सांगतो. एकूण आठ संघ होते. मुंबई, पुणे, जयपूर, पाटणा, दिल्ली, बंगाल, बंगळूर आणि तेलुगू टायटन्स. प्रत्येकाचे चौदा सामने आणि मग बाद फेरी. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांच्या कंपनीनं हा घाट घातला होता. जयपूरचा संघ अभिषेक बच्चनचा, मुंबईचा रॉनी स्क्रूवाला यांचा. मे महिन्यात खेळाडूंचा लिलाव झाला होता. सर्वांत महाग ठरला राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. क्रिकेटच्या कोटींपुढे ही रक्कम म्हणजे काहीच नाही. पण दुकानात पहिल्यांदा हा आकडा ऐकला तेव्हा तो म्हणाला, "सर, पाच आठवड्यांचे?" मी मान हलवली. तो परत कामाला लागला. मी टीव्हीकडे बघत राहिलो.

खेळ ओळखू येत होता आणि येतही नव्हता. मातीच्या जागी मॅट. लंगोट-बनियनच्या जागी रंगीत कपडे, पायात बूट. आमच्या वेळी चढाई म्हणजे दम. दम सुटला की नाही यावर अर्धी भांडणं व्हायची आणि पंचाला शिव्या खाव्या लागायच्या. इथे डोक्यावर घड्याळ, चढाई तीस सेकंदांची. आमच्याकडे पुढे असलेला संघ नुसता मधल्या रेषेजवळ कबड्डी कबड्डी करत वेळ काढायचा, प्रेक्षक जांभया द्यायचे. इथे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईवाला बाद. तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असताना पकड केली तर एक गुण जादा. म्हणजे हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत आशा. चाळीस मिनिटांचा खेळ, दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी निकाल. टीव्हीसाठी खेळ असा कापून-शिवून घेतला होता, आणि माझ्यासारख्या जुन्या माणसालाही ते कापड अंगाला बसलं हे कबूल करायला हवं.

दुकानात हळूहळू गर्दी वाढली. पंप घेऊन आलेले शेतकरी थांबायला लागले. पाऊस नाही, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. आमचा विद्यार्थी सामना चालू असताना सांगायचा, "आता बघा, हा बोनसला पाय टाकणार. कोपऱ्यावरचा पुढं येतोय बघा, फसणार." आणि तसंच व्हायचं. पंचवीस वर्षांत त्यानं कधी खेळाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. शिकवणीतल्या पोरांसारखी सगळी माणसं त्याच्याकडे बघायची.

यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार त्याचा लाडका झाला. हरियाणातल्या पालडा गावचा, अंगानं फार दांडगा नाही, चेहऱ्यावर राग नाही. तो सावकाश जायचा, बोनस रेषेपलीकडे पाय लांबवून गुण घ्यायचा आणि हसत परत यायचा. त्या मोसमात चढायांचे सर्वांत जास्त गुण त्याचेच होते आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

एक गोष्ट मला मात्र टोचत होती. मुंबईच्या संघात मराठी मुलगा शोधावा लागत होता. मुंबईत वाढलेला रिशांक देवाडिगा होता, पण कर्णधार हरियाणाचा, दोन्ही कोपरे सुरेंद्र नाडा आणि मोहित छिल्लर, तेही बाहेरचे. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके खेळत होता तो दिल्लीकडून. (पुढच्या वर्षी चढायांत तोच सगळ्यांच्या पुढे गेला.) पुणेरी पलटण तर गुणतक्त्यात तळाला. ज्या महाराष्ट्रानं या खेळाचे नियम लिहिले, त्यानं स्टेडियम दिलं, प्रेक्षक दिले, नाव दिलं आणि खेळाडू बाहेरून आणले. मी चिडून हे बोललो तेव्हा आमचा विद्यार्थी शांतपणे म्हणाला, "सर, तिकडं गावात पोरगं खेळायला लागलं तर घरचे दुधाचा रतीब लावतेत म्हणं."

त्यानं हे मला उद्देशून म्हटलं नव्हतं. तसा तो माणूसच नाही. पण मला लागायचं ते लागलं.

नागपंचमी झाली, राखी झाली. २५ ऑगस्टला पोळा आला. बैल सजवले पण उत्साह नव्हता. २९ ऑगस्टला गणपती बसले आणि त्या सुमारास उपांत्य सामने झाले. जयपूरने पाटण्याला सहज हरवलं, मुंबईने बंगळूरला थोडक्यात. म्हणजे पहिल्या रात्री जे दोन संघ समोरासमोर होते तेच अंतिम सामन्यात आले.

३१ ऑगस्ट, रविवार. पुन्हा मुंबई, पुन्हा वरळी. दुकानाबाहेर वीस-पंचवीस माणसं उभी. समोरच्या मंडळानं आरती लवकर उरकली. सगळे मुंबईच्या बाजूनं, कारण पहिल्या रात्री चौदा गुणांनी हरवलेला संघ परत हरवायला किती वेळ लागणार? पण नवनीत गौतमच्या जयपूरने त्या दिवशी अनुपला बांधून ठेवलं. मुंबईला सूर सापडलाच नाही. ३५-२४ असा सामना गेला. माणसं न बोलता पांगली. पाच आठवड्यांपूर्वी जिंकलेले शेवटी हरले आणि हरलेले पहिले विजेते ठरले.

शटर ओढताना मी त्याला म्हणालो. कितीतरी दिवस मनात होतं. "तुला परभणीला जाऊ दिलं असतं तर..."

त्यानं कुलूप लावलं आणि म्हणाला, "सर, तेव्हा तुमचं बरोबरच होतं. तेव्हा खेळात काय होतं? काहीच नव्हतं."

मी घरी आलो. रात्री झोप लागली नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. तो १९८८ मध्ये पंधरा वर्षांचा, लीग आली २०१४ मध्ये. परभणीला जाऊन तो लीगमध्ये थोडाच खेळला असता? फार तर दहा वर्षं जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून खेळला असता, नशीब असतं तर रेल्वेत चिकटला असता. हिशेब माझ्याच बाजूनं लागत होता. पण त्या बापानं मला हिशेब विचारलाच नव्हता. त्यानं पोराला बारा दिवस पाठवू का एवढंच विचारलं होतं. बारा दिवसांनी दहावी बुडाली नसती. मी उत्तर दिलं ते न विचारलेल्या प्रश्नाला, आणि तेही इतक्या खात्रीनं की तो माणूस पुन्हा काही विचारू शकला नाही. मास्तरांचा हा दोष असतो. आमच्या 'नाही'ला गावात वजन असतं आणि ते किती आहे हे आम्हाला ठाऊक नसतं.

नंतर कुठेतरी वाचलं की त्या पहिल्या मोसमाला टीव्हीवर ४३ कोटींहून जास्त प्रेक्षक लाभले, आयपीएलच्या खालोखाल. ४३ कोटींत आमचं वीस-पंचवीसजणांचं दुकान धरलं होतं की नाही देव जाणे. पण मला वाटतं, त्या मोसमानं खेळाला पैसा दिला त्याहून मोठी गोष्ट केली. जे कबड्डी खेळून गप्प बसले होते, त्यांना बोलायला लावलं. गावोगाव असे किती वायंडिंगवाले, चहावाले, शिपाई असतील की ज्यांच्या घरच्यांना त्या पाच आठवड्यांत पहिल्यांदा कळलं की हा माणूस एके काळी कोण होता!

त्यात त्याची मुलगीही होती. त्या वेळी आठवीत. बापाच्या शेजारी स्टुलावर बसून तिनं सगळे सामने पाहिले. दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला. वर्गाचं दार नव्हतं, माझ्या घराचं होतं, पण तसाच उभा राहिला.

"सर, पोरगी कबड्डी खेळायची म्हणती. परभणीला शिबिर हाय. धाडावं का?"

मी त्याला आधी आत घेतलं, बसवलं, चहा दिला. मग म्हणालो, "धाड. दहावी दोन वर्षांनी आहे, ती मी बघतो." आणि मी खरोखर बघितली. दोन वर्षं ती सकाळी मैदानावर आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर असायची.

तिचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही सिनेमासारखा शेवट मनात धराल. २०१६ मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर महिलांची स्पर्धा झाली. तीन संघ, आपली अभिलाषा म्हात्रे एकाची कर्णधार. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सविरुद्ध २४-२३ असा एका गुणानं जिंकला. ही पोरगी तो सामना बघून आठ दिवस हवेत होती. पण पुरुषांचे मोसम पुढे चालू राहिले आणि महिलांची ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. ती जिल्ह्याकडून खेळली, नांदेड विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचली, आणि तिथे गुडघा गेला. लिगामेंट. शस्त्रक्रिया झाली, खेळ सुटला. मला वाटलं, आता बाप येऊन म्हणेल, सर, तुम्हीच धाड म्हणाला होता. तो आला तो पेढे घेऊन. तिला बी.पी.एड.ला प्रवेश मिळाला होता.

सध्या ती एका शाळेत मुलींना शिकवते. पगार फारसा नाही. एकदा मी तिला विचारलं, "वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "आजोबा, गुडघ्याचं वाटतं. खेळल्याचं नाही."

इकडे लीग कुठल्या कुठे गेली. २०१५ मध्ये यू मुंबा विजेते झाले. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख मिळाले. त्या १२ लाख ८० हजारांशी ताडून पाहा! आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला, तळाला राहिलेली आपली पुणेरी पलटण हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेती झाली. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा. तो सामनाही मी दुकानातच पाहिला. टीव्ही आता मोठा आहे, बॅटरी लागत नाही. सामना संपल्यावर आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, हरियाणाला हरवलं, अन् कर्णधार आपला!" आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याचे तळहात तारेनं आणि वार्निशनं खरखरीत झालेत. पन्नाशी ओलांडली त्यानं.

असो. लेख लांबला. नातवाला फोनवर मी एवढंच म्हणालो होतो की बाळा, असतो सीझन, एकदा तर दिव्याच्या अवसेपासून गणपतीपर्यंत होता. त्यानं विचारलं, "मग तुमची टीम जिंकली का?" मी म्हटलं, "नाही रे, हरली." तो म्हणाला, "नेक्स्ट इयर, आजोबा!"

उन्हाळ्यात येणार आहेत ते सगळे इकडे. आमच्या मुलीला मी सांगून ठेवलंय, म्हणजे त्या वायंडिंगवाल्याच्या मुलीला. मैदानावर फक्की मारून ठेव, एक पाहुणा चढाईला येतोय.